जाळं घेतलेल्याला ‘कुठी’ म्हणू नये

या मायबाप हो, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. टाळ मांडीवर ठेवा, पान-तंबाखू काय करायची ती उरकून घ्या आणि कान इकडे द्या. गोष्ट हसायची आहे, हे आधीच सांगतो. हसू आलं तर दाबू नका, आणि मध्येच घशाशी काही अडकलं तर तेही दाबू नका. देवानं हसण्याचा आणि रडण्याचा रस्ता एकाच गळ्यातून काढलाय, त्याला आपण काय करणार?

तर सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि विमानतळाच्या तपासणीच्या रांगेत आचल सामान ठेवायच्या ताटांपाशी उभी होती. आचल नागभीडकडची, ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची पोर. तिच्या नोकरीबद्दल गावात मोठा आदर होता आणि त्याहून मोठा गैरसमज. आई बाजारात सांगे, “माही पोरगी विमानाच्या कामाले आहे,” आणि ऐकणाऱ्या बाया समजत, ती विमान हाकते. खरं काम असं, की दिवसभरात हजार माणसांना ‘पट्टा काढा, पाकीट काढा, मोबाइल काढा’ म्हणायचं, आणि त्या हजारांनी आपल्याकडे अशा नजरेनं बघायचं की जणू हिला आमच्या बुटांचाच लोभ सुटलाय.

अर्ध्या अर्ध्या तासानं तिची पाळी एक्स-रे यंत्राच्या पडद्यासमोर येई. तिथं जास्त वेळ बसवत नाहीत, डोळे थकतात. पट्ट्यावरून पिशव्या सरकत आणि पडद्यावर त्यांचं पोट दिसे. खाण्यापिण्याचं, कापडचोपडाचं नारिंगी. लोखंडाचं निळं. आणि ज्यातून किरण आरपार जातच नाहीत ते काळं ठिक्कर. बसणारी जागी आहे का ते पाहायला संगणक अधूनमधून स्वतःच एखादी खोटी बंदूक पिशवीत घुसवतो. मागच्या महिन्यात आचलनं अशी एक खोटी बंदूक लोणच्याच्या बरणीसोबत सुखरूप जाऊ दिली होती. साहेबांनी समज दिली होती: आणखी एक सुटली की पडदा बंद, बाहेर गाड्यांच्या रांगेत उन्हात उभं राहायचं.

अशात रांगेतून इस्तारी पुढे आला. साठीचा, काळासावळा, बोटांची पेरं पाण्यानं कुरतडल्यासारखी. पायजमा, सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि काखेत दोरीनं आवळलेली युरियाची थैली. ताटांपाशी आचलसोबत उभ्या असलेल्या हिंदी मुलखातल्या शिपायानं सहज म्हणून विचारलं, “बाबाजी, कहाँ जा रहे हो?”

इस्तारीनं तोंड फिरवलं आणि देवाचं नाव पुटपुटायला लागला.

“अरे बाबाजी, कहाँ जाना है?”

आता इस्तारीनं डोळेच मिटले.

शिपायाला तो बहिरा वाटला, म्हणून त्यानं तेच ओरडून विचारलं. रांगेतली माणसं बघायला लागली. आचलची नजर मात्र थैलीच्या तोंडातून डोकावणाऱ्या नायलॉनच्या धाग्यावर गेली आणि तिला सगळा उलगडा झाला. तिच्या घरी लहानपणापासूनचा शिरस्ता होता: जाळं घेऊन निघालेल्या माणसाला ‘कुठी’ म्हणून विचारायचं नाही, आणि विचारलं तर त्यानं सांगायचं नाही. पाण्यानं ऐकलं की पाणी लपवून ठेवतं. असं विचारलं म्हणून तिच्या बापानं एकदा सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरला होता.

ती हळूच म्हणाली, “भाऊ, दूरचं पाणी का जवळचं?”

इस्तारीनं डोळे उघडले. विमानतळावर पाय ठेवल्यापासून पहिल्यांदा त्याला कोणी माणसासारखं विचारलं होतं.

“दूरचं, बाई. लय दूरचं. तू आमच्यातली काय वं?”

“हो जी. नागभीडकडची.”

मग त्यानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं. त्याचा एकुलता एक मुलगा सुरेंद्र गोव्याला मासे धरणाऱ्या मोठ्या बोटीवर कामाला होता. काल पहाटे बोटीवरून पाण्यात पडला. मालकाचा फोन आला, शोध चालू आहे म्हणाला. “आज दुसरा दिस. उद्या तिसरा. तिसऱ्या दिसी पाणी माणूस वर सोडते, तुले त मालूमच आहे. तांबडं फुटाच्या आत मले तिथी उभं राहाच लागते. रेल्वेनं दोन दिस मोडते म्हणून माह्या भाच्यानं, अमरनं, विमानाचं तिकीट काढून देल्लं. आपल्याकडचे अकरा बुडालेले म्या काढले, बाई. पोलिसची गाडी घराले याची मले न्याले. मंग माह्या पोराले दुसऱ्या कोणाच्या हातानं काऊन काढू देऊ?” आणि तिचा हात धरून म्हणाला, “कोणाले सांगू नको हं. पाणी आयकते.”

आचलनं मान हलवली. तिथंच ती अडकली. जे तिला ठाऊक होतं ते बोलायची सोय राहिली नाही, आणि पुढे जे जे झालं ते सगळं त्या न बोलण्यातूनच झालं.

पहिली अडचण ताटाची. शिपायानं थैली उचलून एका ताटात ठेवली. त्या ताटातून नुकतेच कोणाचे तरी बूट उतरले होते. इस्तारीनं झडप घालून थैली परत छातीशी धरली.

“जोड्याच्या ताटात जाळं? नाई जमत जी!”

“क्या बोल रहे हैं?” शिपाई.

“ताट बदलून मागत आहेत,” आचल म्हणाली.

दुसरं ताट आलं. इस्तारीनं वास घेतला. “यातही जोडेच होते.” तिसरं आलं, चौथं आलं. मागे तीस माणसं कंबरेचे पट्टे हातात घेऊन, पँट सावरत उभी. एक जाडे गृहस्थ दोन्ही हातांनी पँट धरून ओरडले, “ओ, काका, देव्हारा मागवू का?” शेवटी इस्तारीनं खांद्यावरचा दुपट्टा ताटात अंथरला, त्यावर थैली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, “आता जाऊ द्या.” रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनंही सवयीनं हात जोडले.

एवढ्यात आचलची पडद्याची पाळी आली. ती खुर्चीत बसते न बसते तोच दुपट्ट्यावरचं बोचकं आत सरकलं, आणि पडद्यावर ठिक्कर काळ्या, लांबट, एकसारख्या गोळ्यांची माळ उमटली. वेटोळ्यावर वेटोळं, शंभर-दीडशे तरी. सिनेमात मशीनगनला लावतात तशी.

तिला त्या गोळ्यांचा चेहरान् चेहरा ओळखीचा होता. जाळ्याच्या काठाला ओवलेलं शिसं ते. त्याच्या वजनानं जाळं तळाला जातं. लहानपणी चुलीवर, फुटक्या पळीत शिसं वितळवून तिनं स्वतः असे मणी ओतले होते, डाव्या मनगटावर अजून डाग होता. पण ओळख दाखवायची परवानगी पडद्यासमोर नसते. काळं दिसलं, कळलं नाही, तर थांबवा, असा नियम. आणि कळलं तरी थांबवाच, कारण तुम्हाला काय कळलं हे यंत्राला कळत नाही. त्यातून मागच्या महिन्यातली ती लोणच्याची बंदूक. आचलनं मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि तांबडं बटण दाबलं.

पट्टा थांबला. थैली बाजूला घेतली गेली. एका शिपायानं चिंधीसारखी एक पट्टी थैलीवर फिरवली आणि ती वासाच्या यंत्रात घातली. स्फोटकाचा कण असला तर ते यंत्र सांगतं.

यंत्र किंचाळलं.

आता मायबाप, आपल्याकडे युरियाची थैली म्हणजे काय नाही? पावसात खोळ, अंगणात आसन, गोधडीला अस्तर, बाजारहाटाला पिशवी. पण खताच्या कणाला त्या यंत्राच्या पोथीत दुसरंच नाव आहे. यंत्राला इस्तारीचं दीड एकर धान दिसलं नाही, बॉम्ब दिसला.

इन्स्पेक्टर साहेब धावत आले. हरियाणाकडचे, उंचेपुरे, मिशीवाले. मनानं वाईट नव्हते, पण नियम त्यांना पाठ होते, आणि पाठ असलेल्या माणसाला मध्येच थांबवलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

“कहाँ जा रहे हो?”

इस्तारी गप्प.

“किसलिए जा रहे हो?”

गप्प.

“इस जाल से क्या पकड़ोगे?”

इस्तारीनं दोन्ही हातांनी कान झाकले.

साहेबांची मिशी थरथरली. आचल खुर्चीवरून उठून आली. “सर, ये नहीं बोलेंगे. जाल लेके निकले आदमी को कहाँ नहीं पूछते.”

“क्यों नहीं पूछते?”

“नहीं पूछते, सर.”

“किसने मना किया है?”

“सबने, सर.”

“लिखित में है?”

यमाच्या दारीसुद्धा इतकी चौकशी होत नसेल. तिथं निदान चित्रगुप्ताकडे आधीची कागदपत्रं तयार असतात.

मग कुत्रा बोलावला. त्याचं शिक्षण असं, की बॉम्ब असला तर खाली बसायचं आणि नसला तर पुढे जायचं. कुत्रा आला, थैलीजवळ नाक नेलं. तलावातल्या बोटव्या मासळीचा, मुरलेल्या झिंग्याचा, वीस वर्षांचा वास त्यात. कुत्र्याची शेपटी हलायला लागली. त्यानं थैलीत मान घातली, एक दीर्घ उसासा टाकला आणि जाळ्यावर डोकं ठेवून आडवा झाला. बसला तर बॉम्ब, पुढे गेला तर नाही. झोपला तर काय, ते कोणालाच शिकवलेलं नव्हतं. कुत्र्याचा सांभाळणारा वरमून म्हणाला, “सर, सुबह से भूखा है.”

“पूरा खोलो!” साहेब गरजले.

चार जण जाळं ओढायला लागले. एकानं वरून, एकानं खालून, दोघांनी मधून. जाळ्याचा असा गुंता झाला की शिपायाच्या शर्टाचं बटण त्यात आणि जाळं त्याच्या घड्याळात.

“ओढू नका जी, ओढू नका! फाटते!” इस्तारी कळवळला. “असं नाई खुलत ते.”

“तो कैसे खुलता है?”

“फेकाच लागते.”

आचलनं अडखळत सांगितलं, “सर, कहते हैं, फेंकना पड़ेगा.”

“तो फेंकिए!” साहेब म्हणाले, आणि असं म्हणताना ते नेमके कुठं उभे होते याचा त्यांनी विचार केला नाही.

इस्तारी पुढे झाला. त्यानं गुंत्यावर हात फिरवला आणि बाईनं मुलीची वेणी सोडावी तसा तो सोडवला. जाळ्याची दोरी मनगटात अडकवली. अर्धं जाळं कोपरावर घेतलं, काठाचा एक मणी दातांत धरला. आणि सगळ्यांना वाटलं, हा माणूस एकदम उंच झाला. तो कंबरेत वळला, आणि जाळं सुटलं.

काय सांगू, मायबाप! त्या चकचकीत फरशीवर, दिव्यांच्या लखलखाटात ते हवेत पुरतं गोल उघडलं, पूर्ण चंद्रासारखं, क्षणभर तसंच तरंगलं, आणि दीडशे मणी एकदम फरशीवर वाजले. आत इन्स्पेक्टर साहेब, आत कुत्रा, आत चार ताटं, कोणाचा तरी लॅपटॉप आणि ते जाडे गृहस्थ. त्यांचे दोन्ही हात जाळं वर धरण्यात गुंतल्यामुळे त्यांची पँट अखेर खाली आली.

अख्खी रांग हसली. शिपाई हसले, तोंड फिरवून. एका पोरीनं टाळ्याही वाजवल्या. आचललाही हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात तिचं लक्ष इस्तारीकडे गेलं.

तो हसत नव्हता. तो सवयीनं जाळं ओढून घ्यायला लागला होता. हळू, दमादमानं, हाताला जड काय लागतंय ते चाचपत. माणूस काढताना असंच ओढतात, झटका न देता, आतल्याला लागू नये म्हणून. तिच्या बापाला तसं ओढताना तिनं एकदाच पाहिलं होतं. इस्तारीची बोटं साहेबांच्या बुटाशी येऊन थांबली.

“भाऊ,” आचल म्हणाली, “सांगू द्या ना मले. विमान निघून जाईन.”

इस्तारीनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, “सांग. पण हिंदीत सांग. आपल्या पाण्यानं आयकू नये.”

तिनं जाळ्यातल्या साहेबांना हिंदीत सांगितलं. चार वाक्यं. रांगेतलं हसू पुढून मागे विझत गेलं. शेवटच्या माणसाला काय झालं ते कळलं नाही, पण तोही गप्प झाला.

साहेब जाळ्याखालून बाहेर आले. टोपी काढून काखेत धरली. आचलला बाजूला घेऊन म्हणाले, “बेटी, इन्हें समझाओ. समंदर तालाब नहीं होता.”

हे तिनं कसं सांगायचं? पण हुकूम होता. ती इस्तारीजवळ उकिडवी बसली.

“भाऊ, समुद्र मोठा राह्यते जी.”

“किती?”

“लय मोठा. पल्याडची पाळ दिसतच नाई.”

इस्तारी जाळं गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, “मालूम आहे, बाई. पोट्टा फोनवर दाखवे ना मले. ‘बाबा, पाहा, याले काठच नाई,’ म्हणे. या जाळ्यानं का होते, ते मले समजते. पण मंग सांग, रिकाम्या हातानं जाऊ काय? ढिवर आहो मी. माह्या पोराले पाणी धरून बसलं, न म्या तिथी पाव्हण्यासारखा उभा राहू? जाळं हाती असलं त बाप कामाले आला म्हणतीन. नाई त म्हणतीन, पाहाले आला.”

आचलनं याचं हिंदी केलं नाही. साहेबांनीही मागितलं नाही.

मग मात्र सगळे नियमाच्या बाजूनं धावले, नियमातून वाट काढायला. हातात जाळं न्यायची परवानगी नव्हती. विमानाच्या पोटात, मोठ्या सामानासोबत न्यायला हरकत नव्हती. दार बंद व्हायला बारा मिनिटं. साहेब फोनवर, शिपाई जिन्यावर, विमान कंपनीची मुलगी टाचांचे बूट हातात घेऊन पळत आली. थैलीमुळे यंत्र ओरडतं म्हणून जाळं वेगळं काढा, असं ठरलं. कोणी तरी बिस्किटांचं रिकामं खोकं आणलं. तेवढ्यात इस्तारीनं जाळं उचलून आचलच्या हातांवर ठेवलं.

“म्या हे जाळं कोणाच्या हाती देल्लं नाई आजवर. सख्ख्या भावाच्याही नाई. तुह्या हाती देऊन राह्यलो. तू आमच्यातली.”

“जाईन बरोबर, भाऊ. तुमी चाला.”

शिपायानं त्याला हाताला धरून नेलं. वळणावर त्यानं एकदा मागे पाहिलं, जाळ्याकडे, आणि दिसेनासा झाला. आचलनं जाळं नीट घडी घालून खोक्यात ठेवलं. कंपनीच्या मुलीनं नावाची चिकटपट्टी दिली, “ताई, लवकर लावा, लवकर!” आचलच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यातून तिला इस्तारीचं सामान म्हणून जे दिसलं, जे सकाळपासून त्याच्या काखेत तिनं पाहिलं होतं, त्यावर तिनं पट्टी चिकटवली. हमालानं पट्टी पाहिली, सामान उचललं आणि पळाला.

विमान वेळेवर उडालं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी पाचला पुन्हा गलका झाला. सफाईवाल्यानं जिन्याखाली सरकवलेलं एक बेवारस खोकं सापडलं. नाव नाही, पट्टी नाही. माणसं मागे हटवली, दोर बांधले, कुत्रा आला. कुत्रा खोक्याशी गेला, शेपटी हलवली आणि शेजारी आडवा झाला.

पडद्यावर तेव्हा दुसराच शिपाई होता. त्यानं हाक मारली, “आचल, इधर आ. तेरी गोलियाँ वापस आ गईं.”

तिनं जाऊन पडद्यात पाहिलं: तेच शिसं, तीच माळ. गोव्याला गेली होती ती युरियाची थैली.

तिनं विमान कंपनीकडून तिकिटाच्या नोंदीतला अमरचा नंबर घेतला आणि फोन लावला. अमर म्हणाला, “मामाजीचा फोन येऊन गेला, ताई. तिथी पट्ट्यावर सगळ्यायच्या पेट्या आल्या, न सगळ्यात शेवटी थैली आली म्हणे. चपटी. फिरून फिरून तीच येत होती म्हणे. मामाजी मले म्हणे, ‘अमर, माहं जाळं कुठी आहे रे?’”

जन्मात पहिल्यांदा इस्तारीनं स्वतःच्या जाळ्याला ‘कुठी’ विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं जाळं पाठवायला आचलनं हातापाया पडायचं बाकी ठेवलं नाही. पण ते आता बेवारस वस्तू म्हणून नोंदलं गेलं होतं. मालकानं स्वतः यावं, नाही तर त्याचं सहीचं पत्र यावं, आणि पंचनामा पुरा व्हावा. तिसरा दिवस उगवला, मावळला. जाळं कपाटात, कुलपात. आचलला लेखी समज मिळाली, पडद्यावरून उठवलं, गाड्यांच्या रांगेत उभं केलं. तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. उलट ऊन कमी पडतंय असं तिला वाटे.

तेराव्या दिवशी, अमरनं आणलेल्या पत्रावर, जाळं सुटलं. आचलनं सुट्टी घेतली आणि खोकं मांडीवर घेऊन नागभीडच्या बसमध्ये बसली. तिथून ऑटोनं दोन कोस. धान निघालेलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या, तलावाच्या पाळीवर, काठच्या उंचवट्यावर, इस्तारी एकटा बसलेला. शेजारी युरियाच्या थैलीची चौकोनी घडी.

“आणलं काय, बाई?”

“आणलं, जी. भाऊ, ते पट्टी म्याच...”

“मालूम आहे. अमरनं सांगतलं.” त्यानं खोक्याला हात लावला नाही. “तिथले लोक भले होते. मले बोटीवर घेऊन गेले. त्यायचं जाळं, बाई, आपल्या या तलावाएवढं! म्हणे, ‘काका, दोर धरा.’ चार दिस धरला. मासोळी बम निघाली, ढिगानं.” तो थांबला. “मासोळीच निघाली.”

थोड्या वेळानं म्हणाला, “जातवाले म्हणतात, देह नाई त पळसाच्या पानाचा पुतळा करून अग्नी द्या, तेरवी करून टाका. पोराची माय आयकत नाई. चाल घरी. पण तिच्यापुढं पट्टीचं काई बोलू नको.”

आचलला वाटलं, बाईच्या शिव्याशापांतून म्हातारा आपल्याला वाचवतोय. पण वाचायला ती आलीच नव्हती. सांगायलाच ती आली होती. इस्तारीची बायको गोकुळा अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, सुतकाचं काहीच नाही. चेहरा मात्र जागरणानं काळवंडलेला. आचलनं खोकं खाली ठेवलं, तिचे पाय धरले आणि सगळं ओकून टाकलं.

“चुकी माही आहे, मावशी. पट्टी म्या थैलीले लावली. जाळं तिथी पोचलंच नाई. तिसरा दिस माह्यामुळं गेला.”

गोकुळा उठली. काही न बोलता घरात गेली. आचलनं डोळे मिटून घेतले. झाडू येईल, नाही तर चुलीतलं लाकूड येईल. आलं ते ताट. ताटात हळदकुंकू, एक नवं खणाचं कापड आणि ओंजळभर तांदूळ.

“पदर धर.”

“मावशी?”

“ड्रेसले पदर नाई काय तुह्या? मंग ओढणी धर.” गोकुळेनं तिला कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत तांदूळ घातले. “आमच्या यायचं जाळं आजवर माणसावर टाकलं न रिकामं आलं, असं झालं नाई. अकरा लोकं काढले. पडलं का निघाला. ते जाळं तिथी पोचलं असतं त माहा सुरेंद्र निघालाच असता, बाई. मंग म्या का केलं असतं?” तिनं आचलच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. “तू थांबवलं जाळं. म्हणून माहा पोरगा अजून जिता आहे. कोणत्या तरी बोटीवर असन. पोट्ट्याले पहिलेपासूनच घरी फोन कराची आठवण नाई राह्यत.”

आचलनं इस्तारीकडे पाहिलं. दारात उभ्या इस्तारीनं मान हलवली, अगदी थोडी. नाही म्हण, असं नव्हतं ते. होय म्हण, असंही नव्हतं.

“हो, मावशी,” आचल म्हणाली. “असन.”

मग गोकुळेनं नवऱ्याला सांगितलं, “न तुमी आयका जी. आता हे जाळं पाण्यात टाकाचं नाई. कोणत्याच पाण्यात.”

“नाई टाकत,” इस्तारी म्हणाला. त्यानं जाळं खोक्यातून काढलं, झटकलं आणि आढ्याच्या खुंटीला टांगलं. चाळीस वर्षं पाण्यावर जगलेला माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून तो लोकांच्या बांध्यांवर मजुरीनं जायला लागला. लोक विचारत, मासोळी काऊन नाई धरत? तो म्हणे, हात दुखते.

आचलची बस संध्याकाळची होती. तलावावरून जाताना तिला पाळीवर दोन परकी माणसं दिसली, जाळं घेऊन निघालेली. ऑटोवाला त्यांना काही तरी विचारायला तोंड उघडत होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एवढीच गोष्ट, मायबाप. आता उठाल, प्रसाद घ्याल, देवापुढे हात जोडाल. तेव्हा एका पोराची आठवण ठेवा. सुरेंद्र त्याचं नाव, इस्तारी-गोकुळेचा लेक, वय चोवीस, नागभीडकडचा. त्याच्यासाठी शांती मागू नका. दूर गावी गेलेल्या आपल्या लेकरासाठी जे मागता, तेच त्याच्यासाठी मागा. बाकीचं त्याची आई ज्या दिवशी सांगेल, त्या दिवशी.